ओटीचं कापड

कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला जी झोळी बांधलेली असते तिला आमच्याकडे ओटी म्हणतात. ती कशाचीही शिवतात. जुनं लुगडं, खताचं पोतं, लग्नातल्या मांडवाचा तुकडा, निवडणूक संपल्यावर उतरवलेला फलक. वावरात ओळीने वाकलेल्या बाया बघितल्या तर कुणाच्या पोटावर साबणाची जाहिरात असते, तर कुणाच्या पोटावर पडलेल्या उमेदवाराचा अर्धा चेहरा. कापड मजबूत आहे ना एवढंच बघायचं, त्याच्यावर काय आहे ते कुणी बघत नाही. माझ्या आईनेही तेवढंच बघितलं होतं.

तिची त्या हंगामाची ओटी पंधरा ऑगस्टच्या कमानीच्या कापडाची होती. ग्रामपंचायतीसमोर बांधलेली ती कमान पावसात भिजून कोसळली आणि मांडववाल्याने कापड तिथेच टाकून दिलं. आईने ते आणून धुतलं, फाटका भाग काढून टाकला आणि दुहेरी टाके घालून ओटी शिवली. एका कडेला विटका केशरी पट्टा, मधे पांढरा, दुसऱ्या कडेला हिरवा. मी तेव्हा दारव्ह्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. रोज संध्याकाळी ती ओटी आमच्या अंगणातल्या दोरीवर झटकून टाकलेली असायची आणि मलाही तिच्यात ओटीच दिसायची.

ते साल कापसाचं फार वाईट होतं. भाव पडले आणि खरेदी केंद्राला कुलूप लागलं. बाबा गेल्यापासून शेती आईच करत होती. आमच्या पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत दाबून भरलेला, आम्ही दोघी चुलीपाशी झोपायचो. अंगाला सतत खाज. गावोगाव तेच होतं. मग पुढाऱ्यांनी ठरवलं की दारव्ह्याच्या चौकात कापसाची होळी करायची. आमच्या गावातून जीपा भरून माणसं निघाली आणि आईही कमरेला भरलेली ओटी बांधून गेली. वेचणारीलाही राग येतो हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी शाळेत होते. जे घडलं ते आईनेच त्या संध्याकाळी सांगितलं, भाकरी थापता थापता, मोठ्या खुशीत. पुरुषांची भाषणं झाली, एकेकाने मूठ मूठ कापूस आगीत टाकला. "एवढुसाक कापूस टाकून राह्यले होते, मले त हासूच आलं," ती म्हणाली. मग ती पुढे गेली, कमरेची गाठ सोडली आणि कापसासकट ओटीच आगीत टाकली. घ्या म्हणे, आता नाही वेचत. तिचं बघून आणखी चार-पाच बायांनी आपापल्या ओट्या टाकल्या. टाळ्या पडल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, झेंडा जाळला, झेंडा जाळला. बायांना वाटलं थट्टा चाललीय.

"आज मले लय बरं वाटलं माय," आई म्हणाली. इतकी मोकळी मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. फोटो रंगीत होता. आग, आगीत केशरी आणि हिरवं कापड, आणि ते सोडणारा एक हात. चेहरा नव्हता. पण मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला वेल होता, आणि त्या वेलावर डोकं ठेवून मी लहानाची मोठी झाले होते. खाली मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, तिरंग्याची विटंबना?

"तुमच्या आई गेल्या होत्या ना काल?" मुख्याध्यापक हळूच म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी पेपर घडी करून आपल्या पिशवीत टाकला.

कायदा मला माहीत होता, दरवर्षी तो धडा मीच शिकवत होते. राष्ट्रध्वज सार्वजनिक ठिकाणी जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद. तरी मी शाळेच्या कपाटातून ते पुस्तक काढून नीट वाचलं, कारण मनात एक आशा होती की कमानीचं कापड म्हणजे काही झेंडा नव्हे. पुस्तकात लिहिलं होतं की ध्वज म्हणजे ध्वजाची कोणतीही दिसेल अशी प्रतिकृती, तिचा एखादा भागसुद्धा, मग ती कशाचीही असो. कशाचीही. म्हणजे ओटीचीही. पुढचे तास मी कसे घेतले मला आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. मी अंगणाचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "आई, त्या कापडात मधात चक्र होतं काय?"

तिने सूप खाली ठेवलं. "चक्र असतं त मी त्याच्यावर कैची चालवली असती काय?"

हे ऐकून मला रडूच आलं. आमची बौद्ध वस्ती. विहारावर पंचशील ध्वज असतो, आणि घटनेचा विषय निघाला की आई बसली असेल तर उठून उभी राहते. सव्वीस जानेवारीला ती पांढरं लुगडं नेसून शाळेच्या मैदानात सगळ्यांच्या पुढे असायची. तिने चक्रावर कात्री चालवली नसती, याहून मोठा पुरावा मला तरी नको होता. पण ठाण्यात हा पुरावा कोण लिहून घेणार?

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने आपल्या हातावरच्या गोंदणाकडे बघितलं. मग उठून वेचणीला घालायचा सदरा अंगात घातला. कापसाच्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून आमच्या बाया वावरात लुगड्यावरून लांब बाह्यांचा पुरुषी सदरा घालतात. त्या दिवसापासून आई तो घरातही घालू लागली. स्वयंपाक करताना, झोपताना, पाणी भरताना. बाहीचं बटण लावलेलं. कुणी विचारलं तर हाताला खाज सुटली म्हणायची.

दारव्ह्यात काही तरुणांनी ठाण्यावर निवेदन दिलं की त्या बाईला शोधा. मी एस.टी.त बसले की मागच्या बाकावरची बोलणी कान देऊन ऐकायचे. "बाई असो का बुवा, आत टाकाले पायजे," असं एकजण म्हणाला तेव्हा मी पोचायच्या आधीच उतरले आणि उन्हात चालत शाळेत गेले. ज्या बायांनी आईचं बघून ओट्या टाकल्या होत्या त्या आमच्या दारावरून जाणं टाळू लागल्या. त्यांचाही दोष नव्हता, भीती त्यांनाही होती. रस्त्यावर जीप वाजली की आई हातातलं काम थांबवायची, आणि जीप पुढे गेली की मगच तिचा हात पुन्हा चालू व्हायचा.

माझा भित्रेपणा मला सहन होत नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात भांडत बसायचे. फाटलेला झेंडा एकांतात, मानाने जाळावा असं नियमच सांगतो. म्हणजे कापड तेच, आग तीच, जाळणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर सगळं. ठीक आहे. पण समजा आईने जाणूनबुजून जाळला असता तर? घरात कापूस सडतोय, कुणी विचारत नाही, त्या रागात? मला खरं सांगायचं तर ते आवडलं नसतं. आमच्या विहारावरचा ध्वज कुणी जाळला तर माझा हात उठेल, मी काही संत नाही. पण राग येणं वेगळं आणि माणसाला तीन वर्षं कोंडणं वेगळं. ज्याच्याकडे बोलायला दुसरं काही उरलं नाही तो काहीतरी जाळतो. त्याचं म्हणणं ऐकायला कडू असलं तरी ते म्हणणंच असतं. मला तेव्हा असं वाटलं आणि आजही वाटतं. पण हे मी वर्गात कधी बोलले नाही, आणि आईच्या बाजूने तर चौकात उभं राहून मुळीच बोलले नसते.

शेवटी हवालदार आलाच. उद्या ठाण्यात या, म्हणाला. त्याने सदऱ्याच्या बाहीकडे बघितलं पण वर करायला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी आईला पढवलं. रंग दिसले नाहीत म्हण. कायले टाकली विचारलं तर सगळ्यायनं टाकलं म्हणून टाकलं म्हण. मी अडाणी बाई आहो, मले काही समजत नाही, असं म्हण.

"मले समजत होतं न पण," आई म्हणाली. "मी काही कोनाचं पाहून नाही टाकली. माह्या मनानं टाकली. झेंड्याले नाही, मी ओटीले जाळलं."

"ते नको सांगू आई. तुह्या पाया पडते."

"अन् मी काही अडाणी नाही. तूच त मले सही शिकवली."

ठाण्यातले साहेब वाईट नव्हते. त्यांनी आईला खुर्ची दिली. पेपरचा फोटो समोर ठेवून विचारलं, "मावशी, काहून टाकली ओटी?"

आईने माझ्याकडे बघितलं. माझी भीती तिला माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली असणार. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. घटनेचं नाव निघाल्यावर उठायची तशी नव्हे, खांदे पाडून.

"मी अडाणी बाई आहो साहेब," ती म्हणाली. "मले काय समजते. सगळ्यायनं टाकलं म्हणून टाकलं."

साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि पेन तिच्यापुढे धरलं. आईने पेन घेतलं नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिने टेबलावरची शाई आपल्याकडे ओढली आणि अंगठा बुडवून जबाबाखाली उमटवला.

"जा मावशी, पुन्हा असं करू नका," साहेब म्हणाले. काय करू नका ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गुन्हा दाखल झाला नाही.

मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तेच पढवीन, माझी आई मला घरात हवी आहे. मला राग आहे. चौकात सगळ्यांसमोर जे तिने आयुष्यात एकदाच मोकळेपणाने सांगितलं होतं, ते मागे घेतल्यावरच तिला घरी येता आलं.

त्यानंतर आई कुठल्या मोर्च्याला गेली नाही. सव्वीस जानेवारीला ती अजूनही पांढरं लुगडं नेसते, पण मैदानात मागे, भिंतीपाशी उभी राहते. पुढच्या हंगामाला बोंडं फुटली तेव्हा तिने ओटीसाठी माझी जुनी ओढणी काढली. निळी, काठाला साधी पिवळी किनार. ती घेऊन माझ्याकडे आली, उजेडात दोन्ही हातांनी ताणून धरली, एकदा उलटी करून दाखवली.

"पाय बरं," म्हणाली, "याच्यात त काही नाही ना?"