पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत चार मराठी घरं. गद्रे, सोनकांबळे, शेखभाई आणि मी. चौघंही केंद्र सरकारातले, चौघंही आर. के. पुरमची सरकारी क्वार्टर्स सोडून इथे आलेलो. रविवारी सकाळी पार्कात बसलो की कोणीतरी सहज म्हणतं, "आमचं अमुक अजून जुन्याच पत्त्यावर जातंय," आणि मग एकेकाचं सुरू होतं. सामान एका टेम्पोत आलं होतं. पत्ता यायला दोन-तीन वर्षं लागली. एवढ्या वेळात किस्से साठणारच. आम्ही हसतो. बायका हसत नाहीत, हे माझ्या अलीकडे लक्षात आलंय.

*

गद्र्यांचा किस्सा ठरलेला. आम्ही आलो तेव्हा या भागाला सगळे पप्पनकलां म्हणायचे. मग सरकारने नाव ठेवलं द्वारका. गद्र्यांनी हौसेने साताऱ्याच्या बहिणीला नवा पत्ता कळवला: फ्लॅट नंबर, सेक्टर, द्वारका. दिल्ली लिहायचं राहून गेलं.

भाचीच्या लग्नाची पत्रिका सरळ गुजरातेत गेली. लग्न होऊन महिना झाल्यावर ती इथे पोचली. पाकिटामागे कोणीतरी पेनने लिहिलं होतं, "यहाँ सेक्टर नहीं होते. जय द्वारकाधीश."

गद्र्यांनी फोन केला, तर बहीण म्हणाली, "दादा, यायचं नव्हतं असं सांग ना सरळ." त्यांनी शिक्क्यांसकट ते पाकीट पुरावा म्हणून तिला पाठवलं. उत्तर आलं नाही.

"तेही गुजरातेत गेलं असेल," गद्रे म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात.

*

सोनकांबळ्यांना रेशनकार्डावर पत्ता बदलून हवा होता. काउंटरवरचा बाबू म्हणाला, नव्या पत्त्याचा पुरावा आणा, टेलिफोनचं बिल चालेल. टेलिफोनवाले म्हणाले, कनेक्शन हवं तर रेशनकार्ड आणा. मधल्या काळात जुनं कार्ड रद्द झालं, कारण क्वार्टर सोडल्याची नोंद मात्र सरकारने तत्परतेने घेतली होती.

चौथ्या खेपेला बाबूने फाईल मिटली आणि शांतपणे म्हणाला, "पुराने पते पर आप रहते नहीं. नए पते पर आप हैं, इसका सबूत नहीं. तो भाईसाहब, आप हैं कहाँ?"

आम्ही विचारलं, "मग तुम्ही भांडला नाहीत?"

सोनकांबळ्यांनी तीस वर्षं पेन्शनच्या सेक्शनमध्ये काढलेली. "कसं भांडणार," ते म्हणाले. "लोक जिवंत असल्याचा दाखला घेऊन यायचे आणि मी एक सही कमी आहे म्हणून परत पाठवायचो. ते वाक्य माझंच होतं. मी फक्त इंग्रजीत लिहायचो."

*

शेखभाईंनी क्वार्टर सोडताना तिथे राहायला येणाऱ्या नव्या अलॉटीला स्वतःचा नवा पत्ता लिहून दिला होता. गृहस्थ आमच्याच मंत्रालयातले, शेखभाईंच्या खालच्या मजल्यावर बसणारे. लिफ्टमध्ये रोज नमस्ते व्हायचं.

दोन महिन्यांनी शेखभाई ईदच्या शेवया द्यायला जुन्या शेजाऱ्यांकडे गेले, तसेच या गृहस्थांकडेही गेले. टीव्हीवर शेखभाईंच्या पत्रांचा गठ्ठा रबर लावून ठेवलेला. "अच्छा हुआ आप आ गए, मैं सोच ही रहा था," गृहस्थ म्हणाले.

गठ्ठ्यात इमरानचं इंटरव्ह्यू लेटर होतं. मुलगा इंजिनियर, एका सरकारी कंपनीची लेखी परीक्षा पास झालेला. इंटरव्ह्यूची तारीख अकरा दिवसांपूर्वी उलटून गेली होती. शेखभाईंचा पत्ता फ्रिजवर चुंबकाने नीट लावलेला होता.

शेखभाईंनी शुक्रिया म्हटलं आणि चहा पिऊन आले.

"एक शब्दही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"त्याच्या घरात बसलो होतो," ते म्हणाले. "आणि दोन महिन्यांपूर्वी ते माझं घर होतं. जीभच चालेना."

इमरान आता नोएडात फोटोकॉपीची मशिनं विकतो. त्याने वडिलांना एकदाही बोलून दाखवलं नाही. शेखभाईंना तेच जास्त लागतं.

*

आता माझा. म्हणजे माझ्या आईचा.

आई माझ्याकडे, मोठा भाऊ कॅनडात. पूर्वी दादाचं पत्र दर महिन्याला यायचं, मग सहा महिन्यांनी, आणि आम्ही द्वारकेत आलो त्या सुमारास बंदच झालं. नवा पत्ता मी त्याला तीनदा कळवला. एकदा रजिस्टर केलं, त्याची पोचपावती दादाच्या सहीने परत आली. आईला मी ती दाखवली नाही. म्हटलं, "अगं, नवीन वसाहत आहे, पोस्टात सगळा गोंधळ आहे."

आईने ते मनावर घेतलं. रोज अकराला ती गेटपाशी जाऊन पोस्टमनला झापायला लागली. "हमारा कनाडा का पत्र तुम लोग किधर डालता है?" पोस्टमन रोहतकचा, रिटायरमेंटला आलेला माणूस. एका शनिवारी मी त्याला गाठून खरं काय ते सांगितलं आणि माफी मागितली.

"कोई बात ना जी," तो म्हणाला. "कह दूँगा, म्हारे से गुम होवैं हैं."

तेव्हापासून दोन वर्षं तो आईपुढे रोज मान खाली घालून उभा राहिला. "गलती हो गई, माताजी. एक बोरी और खोलनी है, उसमें होगी." आई त्याला चार शब्द सुनावायची, पाणी द्यायची आणि वर यायची.

मग तो रिटायर झाला. नवा पोस्टमन नीटनेटका, कामाला चोख. पहिल्याच दिवशी आईने त्याला विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी रजेवर होतो, तिच्या मागेच उभा होतो. त्याने सगळा गठ्ठा तपासला आणि अगदी अदबीने म्हणाला, "माताजी, मैंने पोस्ट ऑफिस में पूछा है. आपके यहाँ विदेश से कभी कोई चिट्ठी आई ही नहीं."

आई मागे वळली. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली, कठड्याला धरून दम घेतला.

"जुना चांगला होता रे," ती म्हणाली. "त्याला खोटं बोलता यायचं."