दोन बटणांचं खोकं

विद्यापीठाच्या उद्योजक स्पर्धेच्या अर्जात एक प्रश्न होता: 'तुम्हाला धंदा का सुरू करायचा आहे?' तिथे एकेकानं काय अकलेचे तारे तोडले होते! कुणाला म्हणे जग बदलायचं होतं. एका पोरीनं मात्र एकच ओळ लिहिली: 'मालकाच्या निष्काळजीपणामुळे पत्रा कापायच्या प्रेसखाली माझ्या बाबांची तीन बोटं गेली.'

पोरगी हट्टाची. दोन वर्षं खपून तिनं एक स्वस्तातलं खोकं बनवलं होतं. त्यावरची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच मिटला. पहिलं खोकं बाबांच्याच जुन्या प्रेसवर बसवायचं, हे तिनं कधीच ठरवलं होतं.

कारखान्यात आता त्या प्रेसवर बाबांचे एक जुने दोस्त काम करत होते. खोकं बघून ते म्हणाले, "अगं, अशी बटणं इथे आहेतच की!" त्यांनी दाखवलं. एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. "एक हात मोकळा राहतो, नग दुप्पट निघतात. तुझ्या बाबांनीच शिकवलं आम्हाला."

खोकं तसंच काखोटीला मारून ती घरी आली. बाबा डाव्या हातानं चहा पीत होते.

"पाचर तुम्ही ठोकली होती?"

"नगावर पैसे मिळतात, बाई. त्या वर्षी तुझं कॉलेज सुरू व्हायचं होतं."

"आणि मी चार वर्षं त्या मालकाच्या नावानं खडे फोडतेय! बोलला का नाहीत?"

"तू इतकी ईर्ष्येनं शिकत होतीस. म्हटलं, राहू दे."

तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. तिनं खोकं त्यांच्यापुढे आदळलं. "याला पाचर चालत नाही. दर वेळी दोन्ही बटणं सोडावीच लागतात."

बाबांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. मग तिच्याच दप्तरातली स्टीलची पट्टी काढली, दोन्ही बटणांवर आडवी ठेवली आणि मधोमध एका हातानं दाबली. प्रेसला खाली यायची खूण देणारा हिरवा दिवा लागला. सोडली, पुन्हा दाबली. पुन्हा लागला.

"बटणं लांब लाव," ते म्हणाले. "आणि नगावर पैसे द्यायचं बंद करणारं बटण त्यात बसतंय का, तेही बघ."

ती पट्टीकडे बघत राहिली. अर्ज सोमवारी द्यायचा होता, आणि त्यात ती एक ओळ अजून तशीच होती.