किसनरावांची बाटली

बोरी अरबच्या बाजाराकडे तोंड करून धर्मपाल डॉक्टरांचा दवाखाना होता. दोन बाकडी, एक टेबल आणि उंबऱ्याशी लाल माठ. त्यात उकळून गार केलेलं पाणी असायचं आणि त्याच पाण्यात डॉक्टर सगळ्यांचं औषध कालवायचे. माठ भरायची त्यांची माय, सत्यभामाबाई. एक हात कायम कमरेवर ठेवून.

ती कंबर किसनरावांच्या वावरात गेली होती. त्रेपन्न सालची वेचणी. कापसाचं गाठोडं उचलताना ती मटकन बसली ती उठेचना. किसनराव वावराच्या बांधावरून ओरडले होते, "सोंग करते बाई!" लेकानं ते ऐकलं. तेव्हा त्याचं नाव उकंडा होतं. छप्पन्नला दीक्षा घेतल्यावर तो धर्मपाल झाला, शिकला, डॉक्टर झाला. पण तो शब्द त्यानं पायातल्या काट्यासारखा जपला. काढला नाही.

दवाखान्यात जुनी दुखणी पुष्कळ येत. गुडघे, खांदे, माना. जन्माची सोबत करणारी. डॉक्टर प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकत आणि मनात म्हणत, एक दिवस तोही येईल.

सदुसष्टच्या हिवाळ्यात किसनराव आले. काठीवर वाकून. हातात बाटली, तीही पाण्यानं भरलेली.

"उकंडा, कम्मर जीव खाऊन राह्यली रे. यात औषध टाक. पाणी आमच्याच घरचं आणलं."

डॉक्टरांनी सावकाश पाठ दाबून पाहिली. "सूज नाही, लाली नाही. काहीच दिसत नाही, किसनराव."

"दिसत नाही म्हून दुखत नाही काय? सालभर झोप नाही मले!"

याच वाक्याची डॉक्टरांनी चौदा वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी किसनरावांच्या हातून बाटली घेतली आणि पायरीवर पालथी केली. पाणी धुळीत जिरलं. रिकामी बाटली त्यांनी किसनरावांच्या हाती परत दिली.

"औषध माठातल्या पाण्यात भेटते. नसन पाहिजे तर दारव्ह्याच्या दवाखान्यात जा. बैलबंडीत बसवत असन तर."

बाकड्यावरची धनीबाई तांड्यावरून आली होती. तिनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

किसनराव ताडकन वळले. दुसऱ्याच पावलाला कळ आली. चौकट धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग मान खाली घालून त्यांनी रिकामी बाटली पुढं केली.

"भरा, डॉक्टर."

"माय, यायले पाणी दे."

सत्यभामाबाई माठाशी वाकली. कंबर मध्येच अडली, तिनं ओठ आवळले, आणि बाटली भरली. डॉक्टरांनी त्यात औषध कालवून पहिला डोस तिथंच, सगळ्यांदेखत पाजला. किसनरावांनी पेला रिकामा केला. त्यांची नजर तिच्या कमरेवरच्या हातावर अडकली होती.

"बाई, लय दुखते काय?"

तिनं माठावर झाकण ठेवलं.

"नाही जी. सोंग हाय."