सोनेरी मानेचा कोंबडा

मरोद्याला क्वार्टरमागे मी कोंबड्या पाळायचो. शेजाऱ्याला नवसासाठी काळाच कोंबडा हवा होता, म्हणून त्याने माझं एक काळंकुट्ट पिल्लू नेलं. आई तांबडी गावठी, बाप कडकनाथ. मोठेपणी रंग बदलेल, हे मी त्याला दोनदा बजावलं होतं. चार महिन्यांत जुनी पिसं झडली आणि कोंबड्याची मान सोनेरी झाली. तो कोंबडा उलटा धरून शेजारी माझ्या दारात बोंबलला, "कावून फसवलं बे मले? रंग लावून देल्लं होतं का?" क्वार्टरांची अख्खी लाइन बाहेर येऊन ऐकत होती. मी कोंबडा परत घेतला, त्याच दुपारी कापला आणि चूल मुद्दाम शेजाऱ्याच्या खिडकीखाली मांडली. नवस फिटेपर्यंत त्याने मटण-कोंबडी सोडली होती.