लोरेत मावशीची सातवी खुर्ची

आमच्या सेंत-ओडील गावात धड खुर्ची एकाही स्वयंपाकघरात सापडायची नाही. नवा पाहुणा बसल्याबसल्या कुरकुर ऐकतो, दचकून उठतो आणि आपल्या वजनाबद्दल माफी मागतो. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. दोष असतो संगीताचा. आमच्याकडे व्हायोलिन बसून वाजवतात, आणि वाजवणारा नुसत्या हातांनी वाजवत नाही. दोन्ही पायांनी, टाच-चवडा, टाच-चवडा, असा तो जमिनीवर ठेका धरतो. वर गज चालतो, खाली पाय चालतात आणि मधल्यामध्ये खुर्चीची हाडं खिळखिळी होतात. शिवाय ती चालायला लागते. नाच सुरू होताना चुलीपाशी असलेला वादक नाच संपताना दारापाशी पोचलेला असतो, आणि त्याला वाटतं की पाहुणेच मागे सरकले.

म्हणून मानाच्या खुर्चीखाली आम्ही एक फळी टाकतो आणि वादक यायच्या आधी तिच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एक फडकं आडवं बांधून ठेवतो. ते फडकं दिसलं की त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही. एकदा खुद्द पाद्रीबाबा तासभर उभे राहिले होते.

नव्या वर्षाचे नाच आटोपले की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं गाव आपापल्या जायबंदी खुर्च्या बर्फावरच्या घसरगाडीवर घालून रोझेर गादुरीकडे निघायचं.

रोझेर आमचा सुतार. उंच, खांद्यांत थोडा वाकलेला, आणि बोलायला अतिशय महाग. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याची बायको ह्युगेत बोलते. तो फक्त मान हलवतो, आणि मान उभी हलली की आडवी, हे बघायला ती थांबत नाही. चाळीस वर्षं त्यानं पंचक्रोशीतल्या स्वयंपाकघरांची कपाटं केली. साठावं लागलं त्या दिवशी शेवटच्या कपाटाचं शेवटचं दार बसवून तो घरी आला आणि म्हणाला, "चौकोनाचा कंटाळा आला."

ह्युगेत सांगते की लग्नानंतर एका दमात तो एवढं पहिल्यांदाच बोलला.

त्यानंतर त्याच्या अंगणात काहीबाही उभं राहायला लागलं. वाफेवर वाकवलेल्या अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्या, मेपलचे गुळगुळीत गोळे, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या. टपालवाल्यानं त्यातल्या एकीवर बरेच दिवस आपली टोपी अडकवली. मी शाळेची बस चालवायचो. थांबा त्याच्याच दारात असल्यामुळे विचारणं मला भाग होतं.

"हे काय आहे रोझेर?"

"शिल्प."

"बरं. कशाचं?"

"लाकडाचं."

कलेविषयी माझी सगळी समजूत या एका संभाषणावर उभी आहे. खरं सांगायचं तर चित्रासमोर उभं राहिलं की दोन मिनिटांत मला माझ्या हातांचं काय करावं ते सुचत नाही. मागे बांधावे तर तपासनीस वाटतो, खिशात घालावे तर चोर. संगीताचं तसं नाही. त्यात पाय आपोआप कामाला लागतात आणि हातांना कुणी विचारत नाही. पण शनिवारी सकाळी रोझेरच्या कारखान्यात लाकडाच्या भुश्यात बसून मी एक गोष्ट शिकलो. खुर्ची हे एकच शिल्प असं आहे, की ते नीट बघायचं तर त्याच्याकडे पाठ करावी लागते. डोळे मिटून, पाठीनं आणि मांड्यांनी ते बघायचं. आणि रोझेर रंधा मारतो तो नाचाच्या चालीवर मारतो, हे त्याला स्वतःला अजून माहीत नाही. मी सांगितलेलंही नाही. सांगितलं तर बिघडायचा.

आता लोरेत मावशी. ती रोझेरची सख्खी मावशी, बाकी सगळ्या गावाची मानलेली. वय ब्याऐंशी. गावातल्या निम्म्या लग्नांत तिनं वाजवलंय आणि उरलेली निम्मी तिच्या वाजवण्यामुळे जमली आहेत. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला. चालायला लागली, जिना चढायला लागली, शेजारणींशी भांडायला लागली. पण खुर्चीवर बसलं की डावा पाय ठेक्यासाठी उचलेना. आणि पायांशिवाय वाजवायला ती तयार नव्हती.

"नुसत्या हातानं वाजवायचं म्हणजे कवळी काढून ठेवून मक्याचं कणीस खायचं," ती म्हणाली, आणि व्हायोलिन पलंगाखाली सरकवलं.

तीन वर्षं गावानं नवं वर्ष फोनवरच्या गाण्यांवर साजरं केलं. त्यातल्या दुसऱ्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी रोझेरकडे डोकावलो. तो सरस गरम करून, पाचरी कापून ठेवून बसला होता. एकही मोडकी खुर्ची आली नव्हती. सरसावर साय धरली होती. मी दोन मिनिटं बसलो, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशीसाठी खुर्ची करतो."

पहिलीवर मावशी बसली आणि म्हणाली, "अरे, दात काढायचा विचार आहे का माझे?" दुसरीची पाठ तिच्या कोपराला लागली. तिसरीला पुढं आडवी पट्टी होती, तिच्यावर टाच आपटली. तेव्हा ती जे म्हणाली ते पाद्रीबाबांच्या घरापर्यंत ऐकू गेलं. चौथीविषयी ती म्हणाली, "ही मला मागून चिमटे काढते. तुझे काकाही इतके आगाऊ नव्हते." रोझेर मान हलवायचा, खुर्ची कोपऱ्यात ठेवायचा आणि नवं लाकूड काढायचा. सहावीवर मात्र ती डोळे मिटून मागे टेकली. शेवटी म्हणाली, "झोप छान लागेल."

रोझेरला हे सगळ्यांत जास्त लागलं. शिव्या त्यानं पाचही वेळा आनंदानं खाल्ल्या होत्या.

सातवीला त्याला तीन महिने लागले. डोंगराच्या उतारावर बर्फाच्या भारानं वाकत वाढलेलं एक अ‍ॅशचं झाड त्याला मिळालं. ते उभं चिरून त्यानं मागचे दोन्ही पाय एकाच बाकातून काढले. पाठ ठेंगणी, तीही एकाच बाजूला, म्हणजे गजाचा हात मोकळा. बैठक पुढं उतरती, आणि डावीकडे कोरत कोरत अशी खाली नेलेली की त्या बाजूची मांडी आपोआप खाली येऊन खुबा सैल सुटावा. लांबून ती खुर्ची दिसायची उडायच्या बेतात असलेल्या बगळ्यासारखी, ज्याला उडू की नको हे अजून ठरवता आलेलं नाही. गुरुवारी ती पुरी झाली. मावशी शनिवारी केस सेट करून आली की बसणार होती.

पण मधे शुक्रवार आला, आणि शुक्रवारी आली कोराली.

कोराली शहरातल्या कलादालनाची मुख्य. ह्युगेतनं नवऱ्याला न विचारता अंगणातल्या शिल्पांचे फोटो तिला पाठवले होते. बाई शिल्पं बघायला आली आणि सातव्या खुर्चीपुढे दहा मिनिटं उभी राहिली. तिला ती प्रदर्शनात हवी होती, आणि प्रदर्शनानंतर कायमच्या संग्रहातही. "गादुरीसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही कलाकार आहात."

त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला हे असं एकदम सांगू नये. रोझेरची मान उभी हलली. खुर्ची गाडीत चढली आणि गेली.

शनिवारी मावशी नव्या केसांसकट आली आणि रिकामी जागा बघून म्हणाली, "बरं झालं. तिथं तिच्यावर कुणी बसणार नाही. तुझी अब्रू राहील." पण परत जाताना काठी तिनं जरा जास्तच आपटली.

रोझेरनं आठवी करून बघितली. तसलं झाड परत मिळेना आणि मिळालेल्या लाकडात तो बाक येईना. म्हणजे सातवी बरोबर जमली होती की नाही, हे कळायचा रस्ताच बंद झाला. मावशी पुन्हा वाजवणार की नाही, तेही त्याच रस्त्यावर होतं. तो प्रदर्शनाचं छापील आमंत्रण हातात घेऊन बसायचा. त्यात त्याचं नाव होतं, पुढे 'शिल्पकार' असं लिहिलं होतं, आणि त्याच्याकडे बघून असं वाटायचं की कुणीतरी गेल्याचं पत्र आलंय.

एप्रिलमधल्या रविवारी दुपारी उद्घाटन होतं. मी शाळेची बस काढली. चाळीस माणसं, खिमा भरून भाजलेल्या सहा मोठ्या तुर्तिएर, चार पेट्या लोणची आणि ठेक्यासाठी चमचे वाजवणारे दोघे. मावशीच्या मांडीवर व्हायोलिनची पेटी होती.

"वाजवणार वाटतं?" ह्युगेतनं विचारलं.

"वाजवते कसली. घर रिकामं आहे, चोर येतील."

आमच्या गावात शेवटचा चोर येऊन एकतीस वर्षं झाली.

दालनात सगळं पांढरं. मधोमध पांढऱ्या लाकडी चौथऱ्यावर सातवी खुर्ची, भोवती लाल दोरी, पुढं कार्ड. कोरालीनं छान भाषण केलं. ही खुर्ची म्हणजे न आलेल्या माणसाची वाट बघणं आहे, हिच्यावर कुणीही कधीच बसणार नाही, यातच हिचं सौंदर्य आहे, असं ती म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी तेव्हा चष्मा शोधत होती. तो सापडल्यावर तिनं कार्ड वाचलं. कोरालीनं फोनवर खुर्चीचं नाव विचारलं तेव्हा ह्युगेतनं सांगून टाकलं होतं, तेच त्यावर छापलं होतं: 'लोरेतसाठी खुर्ची'.

"माझं नाव आहे," मावशी म्हणाली. मग तिनं दोरी बघितली. "आणि बांधूनही ठेवलीय. शहरातल्या लोकांना रीत ठाऊक आहे हो." मग काठीनं चौथऱ्यावर दोनदा ठोकलं. आतून पोकळ, ढब्ब असा गोड आवाज आला. "फळी तर आपल्यापेक्षा चांगली टाकलीय. कुणी केलीय रे?"

तिला कुणीतरी अडवायला हवं होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. खुर्ची, खाली फळी, आडवं बांधलेलं, वर नाव. यात समजायचं राहिलं काय होतं? चमचेवाल्यांनी चमचे काढले. कुणीतरी एक लोखंडी शिल्प दोघांत उचलून अदबीनं भिंतीपाशी नेऊन ठेवलं, कारण नाचायला जागा लागणार.

पहारेकरी धावत आला. "बाई, हात लावायचा नाही."

"हात कोण लावतंय? मी बसणार आहे."

कोराली रोझेरपाशी आली. ती चिडली नव्हती, घाबरली होती. "गादुरीसाहेब, तुम्हीच सांगा त्यांना. एकदा कुणी बसलं, की मला ही संग्रहात घेता येणार नाही. तसा नियम आहे."

मावशीचा हात पुढं आलेला होता. चौथरा गुडघाभर उंच, आणि तिला आधार हवा होता. रोझेरनं खुर्चीकडे बघितलं, कोरालीकडे बघितलं. मान कुठं हलते हे बघायला ह्युगेत त्या दिवशी पहिल्यांदा थांबली.

मान हललीच नाही. रोझेर पुढं झाला, त्यानं दोरीचा आकडा काढला आणि मावशीला वर घेतलं.

ती बसली. जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे. उजवा पाय आपटून बघितला. मग डावा. पहिल्या खेपेला टाचच वाजली. दुसऱ्या खेपेला टाच आणि चवडा. मावशी आपल्या पायाकडे अशी बघत होती, जशी उशिरा घरी आलेल्या नवऱ्याकडे बघतात. मग तिनं हात मागे केला आणि ह्युगेतनं त्यात व्हायोलिन ठेवलं.

ते वाजवणं मी लिहून दाखवू शकणार नाही. एवढंच सांगतो की त्या पोकळ चौथऱ्यानं दालनाच्या काचा थरथरल्या, पहारेकऱ्याला ह्युगेतनं नाचात ओढलं, आणि तीन नाच सलग झाले तरी खुर्ची जागची तसूभर हलली नाही. कुरकुरलीही नाही. रोझेर मात्र जमिनीवर बसून नुसता तिच्या चारी पायांकडे बघत होता. कोराली त्याच्या शेजारी उभी होती. तिचाही एक पाय चालला होता, आणि तिच्या चेहऱ्याला ते अजून कळलं नव्हतं.

तिसरा नाच संपला. मावशीनं घाम पुसला.

"कशी आहे?" रोझेरनं विचारलं.

"बोटभर उंच आहे," मावशी म्हणाली. "बाकी चालेल."

रोझेर हसायला लागला. मी त्याला ओळखतो तेव्हापासून तो इतका वेळ हसलेला नाही.

"कापणार तुम्ही हिला?" कोरालीनं विचारलं. "एवढी सुंदर वस्तू?"

"आता कळलं ना कुठं कापायची ते," तो म्हणाला.

कोराली लाल दोरी गुंडाळत म्हणाली, "कापून झाली की मला बघायला बोलवा. आणि त्या वाजवणार असतील तेव्हाच बोलवा, नुसती बघायला नको." तुर्तिएरचा दुसरा तुकडा तिनं मागून घेतला.

परतीच्या बसमध्ये खुर्चीला स्वतंत्र बाक मिळालं. मागे गाणी चालली होती. एकानं एक ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती परत म्हणायची. मी आरशात बघितलं. रोझेर वळणावळणाला खुर्ची धरत होता, आणि मांडीवर मोजपट्टी उघडून बसला होता.

"मावशी, बोटभर म्हणजे कुणाचं बोट? तुझं की माझं?"

"माझं. तुझी बोटं म्हणजे खुंट्या," मावशी म्हणाली आणि हात पुढं केला. "करंगळी धर. अंगठा धरलास तर परत बसणार नाही."

रोझेरनं तिची करंगळी मोजपट्टीवर आडवी ठेवली आणि मला हाक मारली, "जरा हळू चालव." मी गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगानं घेतली आणि त्यानं आकडा वाचला.