निळ्या रेघेचा साबण

सरकीच्या तेलाचा साबण होतो, हे मला अकोल्याला आल्यावर कळलं. आमच्या कोकणात सरकी कुणी पाहिलेली नव्हती, आणि साबण कुणीतरी कढईत शिजवत असेल हा विचारच डोक्यात आला नव्हता. सातवीत शाळा सुटली, ओळखीच्या एकांनी चिठ्ठी दिली, आणि ती घेऊन मी इतक्या लांब आलो. ज्यांच्या नावची चिठ्ठी होती, त्या काकाजींनी ती उघडण्याआधी मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि झुणका. त्या पहिल्या जेवणाचे उपकार अजून मनात आहेत.

काकाजींनी तेलगिरणीतली नोकरी सोडून घरामागे टिनाच्या शेडात साबणाची भट्टी घातली होती. साबण चांगला, पण खप जवळजवळ नाहीच. तो वाढवणं हे माझं काम. "पोळ्यापर्यंत पायतो," काकाजी म्हणाले. "माल निंगला त ठीक. नाई त भट्टी बंद, अन् तू आपल्या गावाले जाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इकडचं बोलणंच असं रोखठोक, हे मला पुढे समजलं. पण परत जाणं मला परवडणारं नव्हतं. कारण मी पाठवत असलेल्या मनिऑर्डरीवर धाकट्या बहिणीची शाळा चालू होती. माझी सुटली तशी तिची सुटू नये, एवढंच मला हवं होतं.

विकणं म्हणजे ओरडणं, अशी माझी समजूत. तिवशाच्या बाजारात बादली आणि साबणाच्या लांब वड्या घेऊन बसलो आणि आमच्या कोकणी हेलात साद घालायला लागलो. एक म्हातारा शेतकरी थांबला.

"काहून रे पोरा, गाऊन राहिला का इकून राहिला?"

आजूबाजूचे हसले.

"एवढा चांगला असन तुया साबन, त हे टोपी धू," असं म्हणून त्यानं डोक्यावरची टोपी माझ्या अंगावर टाकली. काळ्या मातीनं आणि घामानं तिचा मूळ रंग कुठला, ते ओळखू येत नव्हतं. मी एका बाजूनं घासायला सुरुवात केली. अर्धी झाली असेल नसेल, तेवढ्यात बैलांच्या सौद्यासाठी त्याला कुणी हाक मारली. त्यानं माझ्या हातातून टोपी ओढली आणि तशीच ओली डोक्यावर घालून तो चालता झाला. अर्धी पांढरीशुभ्र, अर्धी होती तशी.

मग जे झालं ते मी बसल्या जागेवरून पाहत राहिलो. तो जिथे जाईल तिथे लोक त्याच्या डोक्याकडे पाहायचे, हसायचे, विचारायचे. आणि तो चिडून माझ्याकडे हात करायचा, "त्या कोकन्यानं केलं हे!" थोड्या वेळात माझ्याभोवती गर्दी. मी एक शब्द बोललो नव्हतो! ती अर्धी टोपी आपली गर्दीतून फिरत होती आणि माझ्यासाठी बोलत होती.

त्यानंतर प्रत्येक बाजारात मी मुद्दाम अर्धी टोपी धुऊन द्यायचो. उरलेली, बाजार फिरून आल्यावर. माल जाऊ लागला, दुकानदारही वड्या ठेवून घेऊ लागले. पण दुकानातून दुसऱ्यांदा मागणी येईना. लोक एकदा घेत आणि विसरत. चैत्र संपला तरी तेच. काकाजी रोज संध्याकाळी उरलेल्या वड्या मोजून ठेवायचे.

अमरावतीला राजापेठेच्या बाजूला एका वस्तीत मी दारोदार साबण घेऊन जायचो. आदल्या काही वर्षांतच तिथल्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मजुरीला जाणारी एक बाई अंगणातल्या दगडावर पांढरं लुगडं धूत होती, वैशाखी पौर्णिमेला नेसायचं. तिनं पूर्वी बाजारात माझा साबण घेतला होता. मी विचारलं, "मावशी, साबण आवडला नाही का?"

"आवडला ना बाप्पा. पन दुकानात जाऊन मांगू कसा? तो दुकानदार तारेनं वडी कापते अन् तुकडा कागदात बांधून देते. तुयं कमळाचं चित्र रायते त्याच्याच पाशी. मले भेटते पिवळा तुकडा. पिवळे त सारेच हायेत!"

वडीच्या वेष्टनावर काकाजींनी हौसेनं कमळ आणि त्याखाली एक भारदस्त नाव छापलं होतं, आणि त्यातलं काहीच एकाही घरात पोचलं नव्हतं. म्हटलं, वडीवर ठसे मारू. ती हसली. "ठसा त दोन धुन्यात जाते. मंग?"

तिनं लुगडं निळीच्या पाण्यात बुडवून पिळलं, आणि दगडावरून निळ्या पाण्याची बारीक रेघ ओघळत माझ्या पायापर्यंत आली. मी त्या रेघेकडे बघतच राहिलो. अशी रेघ वडीच्या आतच घातली तर?

"साबनात निळा डाग?" काकाजी ओरडले. "लोक म्हनतीन भेसळ हाये!" पण एक घाणा त्यांनी करू दिला. नीळ टाकलेला साबण आणि साधा साबण मी घाईनं एकावर एक ओतले, दोन्ही मिसळले, आणि मार लागल्यासारख्या रंगाचा ढीग झाला. "हा आता म्हशीले लावा," काकाजी म्हणाले. दुसऱ्या खेपेला खालचा थर आळू दिला, मग निळा, मग वरचा. साच्यातून वडी कापली तर टोकापासून टोकापर्यंत मधून निळी रेघ. कुठेही कापा, रेघ आहेच.

पहिली वडी त्या मावशीला नेऊन दिली. पौर्णिमेला त्यांच्या मैदानाच्या कडेला उभा होतो. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, लहान मुलंही पांढऱ्यात, आणि वंदनेचा एकत्र आवाज. एवढं पांढरं मी समुद्राच्या फेसातही पाहिलं नव्हतं. मावशी जाता जाता म्हणाली, "डाग नाई पडला रे. अर्धी वडी बहिनीनं पातूरले नेली."

पातूरला मी कधी गेलो नव्हतो. पोळ्याच्या तोंडावर गेलो, पिशवीत थोड्या वड्या घेऊन. एका किराणा दुकानात माझ्या आधी एक बाई उभी होती.

"निळ्या रेघवाला साबन दे."

"नाई माय. सारेच मांगून राहिले तो. कोन बनवते, काय माईत!"

ती मला ओळखत नव्हती. काकाजींना ओळखत नव्हती. कागदावरचं ते भारदस्त नाव तिच्या कानावरही आलं नसेल. मी पिशवीतून एक वडी काढून नुसती फळीवर ठेवली. दुकानदारानं तारेनं तुकडा कापला. बाईनं तो उचलून कापलेल्या बाजूला नखानं खरवडला, रेघ आत आहे का ते पाहिलं, आणि कनवटीचे पैसे काढले.

अकोल्याला परत येऊन ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकाजींनी कढईखालचा जाळ वाढवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावाले चिठ्ठी टाक. पोळ्याले येत नाई म्हन. अन् बहिनीले लिही, शाळेत जाय."