बाग न दिसणाऱ्या खिडक्या

नागपूरहून अमेरिकेत आलेली आसावरी भुसारी पार्सिपनीच्या एका फर्ममध्ये बरीच वर्षं हॉस्पिटलांचे नकाशे काढत होती. आजारपणातल्या घाणीची तिला कधी शिसारी आली नाही. ती आली एका देखण्या घराची.

घर टेकडीवर होतं. शंभरेक वर्षांपूर्वी एका साबण कारखानदाराला इंग्लंडातल्या उमरावांसारखं राहायची हौस आली. त्यानं तिकडच्या एका जुन्या हवेलीचा लाकडी दिवाणखाना विकत घेतला, सुटा करून बोटीनं आणवला आणि त्याच्याभोवती बाकीचं घर उठवलं. उंच धुराडी, दगडी कमान, पांढऱ्या भिंतींवर काळे वासे. पुढे वारसांना ते पोसवेना, तेव्हा तिथं पक्षाघाताच्या रुग्णांचं हॉस्पिटल झालं. आता ट्रस्टींना दिवाणखाना पूर्वीसारखा करून हवा होता, आणि ते काम आसावरीकडे आलं.

आसावरीनं बाहेरचा एक वासा ठोकून पाहिला. पोकळ वाजला. नुसत्या फळ्या ठोकलेल्या, मागे ओली बुरशी. इतकं खोटं तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण मग तिनं पेशंट कुठे आहेत ते विचारलं.

पेशंट मागे होते, नोकरांच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथल्या खिडक्या डोक्याच्याही वर. मालक बागेत फिरत असताना नोकरांची नजर त्यांच्यावर पडू नये, म्हणून मुद्दाम तशा ठेवलेल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक मराठी म्हातारे होते, मोरेश्वरकाका. उजवं अंग लुळं पडलेलं. तिनं मराठीत हाक मारताच त्यांनी मान वळवली.

"बाहेर काय आहे गं?" त्यांनी जड जिभेनं विचारलं.

"बाग आहे, काका," ती म्हणाली, आणि सांगतानाच ओशाळली.

जाताना तिनं मागचा जिना पाहिला. वळणावर स्ट्रेचर फिरणं शक्यच नव्हतं. आग लागली तर काय करता, असं तिनं मॅनेजरला विचारलं. तो सहज म्हणाला, "ड्रिलमध्ये आम्ही वरच्यांना धरतच नाही."

तिनं आधी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. दिवाणखान्यात वॉर्ड, बागेकडे तोंड करून खाटा, असा नकाशा काढून तिनं ट्रस्टींपुढे ठेवला. अध्यक्षबाईंनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. देणगीदार जेवायला येतात ते त्या हॉलसाठी. तिथं खाटा लावल्यावर येईल कोण? शिवाय पेशंट काय, पडूनच असतात.

घरी नवऱ्याला, परीक्षितला, तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, तेही फर्ममधूनच. तू हॉल कर, बाकीचं सोडून दे." तो चूक बोलत नव्हता, म्हणूनच तिला त्याचाही वीट आला. सकाळी तिनं इमारतींची आगसुरक्षा तपासणाऱ्या सरकारी फायर मार्शलला फोन केला.

मार्शलनं जिना पाहिला आणि वॉर्ड बंद करायला लावला. पेशंट हायवेलगतच्या एका बैठ्या, कुरूप इमारतीत गेले. आसावरी भेटायला गेली, तेव्हा मोरेश्वरकाका खिडकीशी बसून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघत होते. त्यांनी डाव्या हातानं तिला जवळची खुर्ची दाखवली.

फर्मनं तिची नोकरी ठेवली, पण हॉस्पिटलांचं काम काढून घेतलं. आता ती गोदामांचे नकाशे काढते. हॉल दुसऱ्या कुणी झळाळून दिला, त्याला वारसा जपल्याचं बक्षीसही मिळालं. घर लग्नांसाठी भाड्यानं जाऊ लागलं, आणि नोकरांच्या खोल्यांत आरसे लागले, नवरीमुलींच्या मेकअपसाठी.

गेल्या उन्हाळ्यात मैत्रीण दीपानं मुलीचं लग्न तिथंच ठरवलं. आसावरीनं कळवलं, घरच्या पूजेला येईन, तिथं नाही. दीपा दुखावली. इतकी सुंदर जागा, तुला काय खटकलं, म्हणून विचारत राहिली.

"जागा सुंदरच आहे," आसावरी म्हणाली. "पण तिथं मला घास उतरायचा नाही."